टर्की ताटातच असते असं नाही

चि. भाचेराव,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो मोठा करकरून पाहिला. इंग्लंडातल्या लीड्सची ती इवलीशी खोली, कडेला चहाचा मग, मागच्या भिंतीवर आधीच्या भाडेकरूने टांगून ठेवलेलं काहीतरी, आणि टेबलावर आख्खं पान व्यापून बसलेलं ख्रिसमसचं क्रिप्टिक शब्दकोडं. खाली तुझा प्रश्न: "मामा, ह्यात काही अर्थ आहे का?"

आहे. पण तू निळ्या पेनने लिहितोयस आणि चार घरं गिरवून गिरवून कागद फाटायला आलाय. आधी पेन्सिल शोध, मग पुढचं वाच.

पंचवीस तारखेला तिकडे रेल्वे धावत नाही, दुकानं बंद, मित्र आपापल्या गावी. लेस्टरमधल्या माझ्या पहिल्या वर्षी घरमालकीणबाईंनी मला जेवायला बोलावलं होतं. जेवण झालं, भांडी झाली, आणि त्यांनी असंच एक कोडं टेबलावर पसरलं. आपलं इंग्रजी बरं आहे अशी माझी समजूत होती. अर्ध्या तासात एक शब्द आला नाही. कारण इंग्रजी समजत होतं, हेच. मी प्रत्येक क्लूचा अर्थ लावत बसलो होतो. क्रिप्टिक क्लूचा वरवरचा अर्थ ही निव्वळ सजावट असते, तिच्याकडे साफ दुर्लक्ष करायचं. क्लूच्या एका टोकाला, सुरुवातीला किंवा शेवटी, उत्तराची सरळ व्याख्या असते. उरलेल्या शब्दांत तेच उत्तर बनवायची कृती.

एक मी तुझ्यासाठीच रचलाय: "लिसन बॅडली, ॲज नाइट वॉज इन द कॅरल (6)". 'बॅडली' म्हणजे बिघडवून टाक. काय बिघडवायचं, तर 'लिसन'ची अक्षरं: एल, आय, एस, टी, ई, एन. उलटीपालटी केलीस की 'सायलेंट'. 'सायलेंट नाइट' ह्या कॅरलमधली, म्हणजे ख्रिसमसच्या गाण्यातली, रात्र तशीच होती ना? आता गंमत बघ. 'लिसन'मधला टी आपल्याला ऐकूच येत नाही. आपण मराठी माणसं कानाने शब्द धरतो, मी देवनागरीत लिहिला तर टी कागदावरूनही गायब. शब्दकोड्यात मात्र तो नसला तर सगळं अडतं. तू लहानपणी 'तो कवि डालडा विकतो' उलटं म्हणून दाखवायचास, ते अक्षरांचं उलटणं होतं, 'डा'ला 'डा'च राहू देणारं. आपल्या पेपरातल्या कोड्यातही एका घरात काना-मात्रेसकट आख्खं अक्षर बसतं. इंग्रजीत 'डी' आणि 'ए' वेगळ्या घरांत राहतात आणि कुणाशीही संसार थाटतात. ही सवय लागायला मला एक हिवाळा गेला. अक्षरं ओळीत लिहू नकोस, गोलात लिही. ओळीत लिहिली की डोळ्याला जुनाच शब्द दिसत राहतो.

दुसरा: "सम मेजाय व्हेरी जेनरस टाइप (5)". मेजाय म्हणजे बाळ येशूला भेटी आणणारे ज्ञानी पुरुष. वाचताना 'व्हेरी' आपोआप 'जेनरस'ला चिकटतो, हो ना? तो तोड आणि 'मेजाय'ला जोड. 'सम' म्हणजे त्यातला काही भाग घे. मेजायचे शेवटचे जी-आय, व्हेरीचे पहिले व्ही-ई-आर: 'गिव्हर'. दानशूर माणूस. क्लू कुठे कापायचा हे कळलं की निम्मं काम झालं. स्वल्पविराम, मोठं अक्षर, आश्चर्यचिन्ह, ह्यांपैकी कशावरही विश्वास ठेवू नकोस. कंसातल्या आकड्यावर, म्हणजे उत्तरातल्या अक्षरांच्या संख्येवर, मात्र डोळे झाकून ठेव. (आणि ए ते झेड सगळी अक्षरं दिली असतील, फक्त एल गाळलेला असेल, तर उत्तर 'नोएल': 'नो एल', आणि ख्रिसमसचंच दुसरं नाव. हा विनोद इतका जुना आहे की तो आला की घरमालकीणबाई कण्हायच्या.)

आता तुझं खरं दुखणं. ही थीमवाली कोडी असतात. बऱ्याच उत्तरांना बांधणारा एक धागा असतो, आणि तो सांगितलेला नसतो. तू काय केलंस ते फोटोत दिसतंय. 'टर्की' आलं, ख्रिसमसच्या जेवणातला तो पक्षी, आणि तू थेट पंगतीला बसलास. मग सात घरांत 'पुडिंग' कोंबलंस, ते आडव्या शब्दाशी जुळेना, म्हणून आडवा शब्दच बदललास. मीही हेच केलं होतं. त्या पहिल्या कोड्यात 'कॉमेट' आला, धूमकेतू, आणि मी जाहीर केलं की थीम आकाशातली आहे. 'क्यूपिड' आला तेव्हा तोही कसाबसा ग्रहगोलांत बसवला. मग बाईंनी एक क्लू पुढे सरकवला, साधारण असा: "सिक्स टाइम्स, इन फ्रेंच, अ लेडी फॉक्स (5)". मी फ्रेंचमध्ये सहाला काय म्हणतात ते आठवत बसलो. सहा म्हणजे रोमन व्ही-आय, टाइम्स म्हणजे गुणिले, एक्स, आणि फ्रेंचमधला 'इन' म्हणजे ई-एन. 'व्हिक्सन', कोल्हीण. आता धूमकेतू, मदन आणि कोल्हीण एका छपराखाली कुठे राहतात? सँटाच्या गाडीला! 1823 मधल्या एका अमेरिकन कवितेत त्याच्या आठ रेनडियरची नावं आली, त्यातली ही तीन. लाल नाकाचा रुडॉल्फ बराच नंतरचा, 1939 चा, एका दुकानाच्या जाहिरात-पुस्तिकेतला. आम्हा मराठी माध्यमाच्या मुलाला हे कोण सांगणार होतं? बाईंची सात वर्षांची नात आठही नावं एका दमात म्हणत होती.

म्हणून सांगतो, एका उत्तरावरून थीम ठरवायची नाही. दोनवरूनही नाही. तीन उत्तरं क्लूच्या कृतीतून स्वतंत्रपणे, चोख सिद्ध होऊन आली की ती एका ओळीत लिहून काढ आणि प्रत्येकाचा दुसरा अर्थ शोध. रचणाऱ्याने तो शब्द क्लूमध्ये एका अर्थाने वापरलेला असतो आणि थीममध्ये दुसऱ्या.

ह्या खेळातलं मोठं नाव अराउकारिया. जॉन ग्रॅहम नावाचे पाद्री, 1958 पासून 'गार्डियन' ह्या वृत्तपत्रासाठी कोडी रचणारे. अराउकारिया हे मंकी पझल झाडाचं लॅटिन नाव. त्यांची ख्रिसमसची मोठी कोडी लोक वर्षभर राखून ठेवल्यासारखी सोडवायचे. एकदा त्यांनी एका कॅरलची सुरुवात, मेंढपाळ रात्री कळप राखत बसले होते ती, घेतली आणि तिच्या सगळ्या 59 अक्षरांची उलथापालथ करून दुसरं वाक्य केलं, त्यातही पुन्हा देवदूत गात होते आणि बाळ पृथ्वीवर उतरत होतं. आपल्या मोरोपंतांनी ओठ न मिटता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण लिहिलं, त्याच जातीचा हा हट्ट. जानेवारी 2013 मध्ये, वयाच्या 91 व्या वर्षी, आपल्याला अन्ननलिकेचा कॅन्सर झाल्याचं त्यांनी वाचकांना एका कोड्यातूनच कळवलं. आजार आणि उपचार, दोन्ही चौकटीतली उत्तरं होती. मी ते सोडवत होतो. शेवटचा शब्द भरला आणि पेन्सिल खाली ठेवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले.

शब्दकोश बघावा का, असं विचारशील. बघ, खुशाल बघ. अवघड कोड्यांना 'चेंबर्स' लागतोच, ती लबाडी नाही. फोनवर उत्तर उघडणं ही लबाडी आहे, कारण उत्तर कळतं आणि क्लू मात्र न कळताच राहतो. चोवीस तारखेला दुपारी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधून कॅरल्सचा कार्यक्रम रेडिओवर लागतो, 1928 पासूनची प्रथा आहे. तो लावून ठेव. अर्धे शब्द तिथेच कानावर पडतील. खालच्या मजल्यावरच्या त्या आजोबांचं दार वाजव. ते कॅरल्स पुरवतील, तू अक्षरं हलव. आणि दोन तास अडलास तर कोट घालून बाहेर चालून ये. मला 'व्हिक्सन'नंतरचे चार शब्द कालव्याकाठी सुचले होते, पेन्सिल घरी आणि बोटं गोठलेली.

तुझ्या कोड्याची थीम मला कळलीय. सांगणार नाही, मामीने दटावलं तरी नाही. पण 'टर्की', 'जर्सी' आणि 'चायना' ही तुझी तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. 'पुडिंग' खोड. आणि खुर्ची जरा वळवून मागच्या भिंतीवर काय टांगलंय ते एकदा नीट बघ.

तुझा,
मामा