वाचकांचे प्रश्न : वजनकाट्याच्या प्रोग्रॅममधली मेमरीची गळती

प्रश्न : आमच्या वणी तालुक्यातल्या एका जिनिंगसाठी मी वजनकाट्याचा प्रोग्रॅम ‘सी’ भाषेत लिहून दिला आहे. काट्याकडून येणारे वजन वाचून तो पावती छापतो. हंगामात लिनक्सचा हा संगणक रात्रंदिवस सुरू असतो. काही दिवसांनी प्रोग्रॅम मंदावतो आणि ऐन कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना बंद पडतो. पुन्हा सुरू केला की ठीक चालतो. मेमरी गळत असेल, तर ती जागा कशी शोधावी?

उत्तर : आधी गळतीच, म्हणजे घेतलेली मेमरी परत न सोडणेच, आहे ना, याची खात्री करून घ्यावी. लिनक्सच्या ‘प्रॉक’ या फोल्डरमधल्या त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये ‘व्हीएमआरएसएस’ हा, म्हणजे प्रोग्रॅमने त्या क्षणी प्रत्यक्ष व्यापलेल्या मेमरीचा, आकडा असतो. तो दर तासाला टिपून ठेवा. सुरुवातीला वाढून स्थिरावला, तर चिंता नको, कारण ‘फ्री’ केलेली, म्हणजे सोडून दिलेली, मेमरी ‘सी’ची लायब्ररी पुढच्या वापरासाठी बरेचदा स्वतःजवळच ठेवते. तो सतत चढत राहिला, तरच पुढची मेहनत घ्यावी.

त्यानंतर काट्याकडून येणाऱ्या ओळी एका फाइलमध्ये साठवा, त्यांत मुद्दाम काही तुटक ओळी मिसळा आणि डीबग माहितीसह कंपाइल केलेला प्रोग्रॅम त्या फाइलवर ‘व्हॅलग्राइंड’ या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाखाली चालवा. तो बराच संथ चालेल, म्हणून हे काम घरी करावे, काट्यावर नव्हे. अहवालात ‘डेफिनिटली लॉस्ट’ (नक्की हरवलेली मेमरी) या नोंदी आधी पाहा. मात्र तिथे दिसते ती मेमरी घेतल्याची ओळ. ती सोडायची कुठे राहिली, हे तुम्हालाच कोड वाचून ठरवावे लागते, आणि खरे कौशल्य त्यातच आहे.

तुटक ओळींचा आग्रह मी विनाकारण धरत नाही. वाचनाच्या फंक्शनमध्ये बहुधा आरंभी मेमरी मागणारे ‘मॅलॉक’ आणि शेवटी ‘फ्री’ असते, पण अर्धवट ओळ आली की मधूनच ‘रिटर्न’ होते आणि बफर, म्हणजे ओळीसाठी घेतलेली मेमरी, तसाच राहतो. बफर 256 बाइटचा आणि अशा ओळी सेकंदाला 5 धरल्या, तर दिवसाला सुमारे 11 कोटी बाइट जातात. अशा वेळी पॉइंटरला (मेमरीचा पत्ता ठेवणाऱ्या चलाला) आरंभी ‘नल’, म्हणजे रिकामे, करून सर्व वाटा शेवटच्या एकाच ‘फ्री’कडे वळवाव्यात, ‘नल’वर ‘फ्री’ केल्याने काही बिघडत नाही. तुमच्या ओळीची लांबी ठरलेलीच असेल, तर साधा स्थिर आकाराचा ॲरे घ्यावा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. मी हाच मार्ग पसंत करेन.

मेमरीचा आकार बदलणाऱ्या ‘रीॲलॉक’चे उत्तर थेट जुन्याच पॉइंटरमध्ये घेऊ नका, कारण ते अयशस्वी झाले की ‘नल’ येते आणि जुन्या मेमरीचा पत्ता हरवतो. तसेच मजकुराची प्रत काढणाऱ्या ‘स्ट्रडप’ने दिलेली प्रत कोण सोडणार, हे त्या फंक्शनच्या वरच कॉमेंटमध्ये लिहून ठेवा.

हंगाम ऐन भरात असेल, तर तोवर रोज रात्री काटा रिकामा असताना प्रोग्रॅम आपोआप पुन्हा सुरू होईल अशी सोय करायला हरकत नाही, म्हणजे शेतकऱ्यांना ताटकळावे लागणार नाही. दुरुस्तीनंतर मात्र तीच फाइल पुन्हा चालवा आणि ‘डेफिनिटली लॉस्ट’पुढे शून्य आल्यावरच नवा प्रोग्रॅम काट्यावर बसवा.