जुन्या नागपुरातील वाडे आणि त्यांच्या मालकांच्या अडचणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : महालात आमचा वडिलोपार्जित दोन चौकांचा वाडा आहे. आम्ही चार भावंडे त्याचे हिस्सेदार असून तळमजल्यावर तीन जुने भाडेकरू आहेत. वाड्याचे नाव हेरिटेज यादीत असल्याने बिल्डर पुढे येत नाही आणि दुरुस्तीचा खर्च आम्हांला झेपत नाही. यादीतून नाव वगळून घेता येईल का? – एक वाचक, महाल

उत्तर : नाव वगळण्याची तरतूद आहे, परंतु ती वाट लांबची आहे. यादीत बदल करायचा झाल्यास जाहीर सूचना काढून नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि अंतिम निर्णय राज्य शासनाचा असतो. त्या वाटेला लागण्यापूर्वी आपला वाडा कोणत्या श्रेणीत आहे, हे महापालिकेच्या नगररचना विभागाकडून लेखी मागून घ्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. कारण यादीत नाव आले म्हणजे खिळाही ठोकता येत नाही, हा समज सर्वत्र पसरला असला तरी तो खरा नाही. पहिल्या श्रेणीतील वास्तूंवर कडक बंधने असतात आणि तेथे वास्तूच्या जपणुकीसाठी आवश्यक तेवढेच काम करता येते. दुसऱ्या श्रेणीत दर्शनी भाग व मूळ वैशिष्ट्ये राखून आतील बदल आणि नवा वापर यांना परवानगी मिळू शकते. तिसऱ्या श्रेणीत त्याहूनही बरीच मोकळीक असते. तेव्हा आपल्या वाड्याच्या पुढच्या चौकात वाचनालय, वकिलाचे कार्यालय, खानावळ किंवा हातमागाच्या कापडाचे दुकान चालवता येणार नाही, असे आताच गृहीत धरू नये.

आता पैशाचा प्रश्न. हेरिटेज नियमांमुळे मालकाला शिल्लक एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) वापरता येत नसेल, तर तेवढ्या क्षेत्राचा टीडीआर, म्हणजे दुसऱ्याला विकता येणारा हस्तांतरणीय विकास हक्क, मागण्याची सोय नियमांत ठेवलेली आहे. समजा, आपला भूखंड 600 चौरस मीटरचा आहे, तेथे 2 इतका निर्देशांक अनुज्ञेय आहे आणि वाड्याचे सध्याचे बांधकाम 800 चौरस मीटर आहे. (हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.) तर 1200 वजा 800 म्हणजे 400 चौरस मीटरचा हक्क शिल्लक राहतो. तो विकून येणारी रक्कम छपरासाठी आणि लाकूडकामासाठी वापरता येते, वाडाही उभा राहतो. मात्र हा हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही आणि वास्तू राखण्याचे बंधन त्यासोबत स्वीकारावे लागते. शिवाय अर्जावर सर्व हिस्सेदारांची संमती लागते. आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून आजोबांचेच नाव असेल, तर आधी वारसनोंद करून घ्यावी. महालातील बहुतेक वाड्यांची कामे नियमांपेक्षा याच ठिकाणी अडतात. भाऊ पुण्यात, बहीण रायपुरात आणि सहीसाठी कोणालाच सवड नाही, अशी अवस्था असते आणि तेवढ्यात दोन पावसाळे निघून जातात.

भाडेकरूंना शत्रू मानू नका, ही माझी विनंती आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार जागा दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. मालकाने नोटिशीनंतरही ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. परंतु जेथे भाडे नाममात्र आहे, तेथे त्यातून एक तुळईही बदलून होणार नाही, हे उघड आहे. म्हणून तिघांना एकत्र बसवून छपराच्या खर्चात त्यांचा वाटा आणि दुरुस्तीनंतर त्याच जागेत परत येण्याची हमी, असा लेखी करार वकिलाकडून करून घ्यावा. अशा करारासाठी मालकाला भाडे वाढवण्याचा आणि भाडेकरूला परत येण्याचा भरवसा लागतो. दोन्ही बाजूंना काहीतरी मिळाले तरच तो टिकतो.

एक गोष्ट मला स्पष्टपणे म्हणायची आहे. जी वास्तू साऱ्या शहराचा वारसा म्हणून नोंदवली जाते, तिच्या देखभालीचा संपूर्ण भार एकाच कुटुंबाने वाहावा, हे न्याय्य नाही. यादीने छपराचा एक कवेलूही (कौलही) बदलला जात नाही. मालमत्ता करात सूट, कमी व्याजाचे कर्ज आणि जाणकार कारागिरांची नोंदवही, एवढे जरी महापालिकेने दिले, तरी महाल-इतवारीतील अनेक वाडे त्यांचे मालकच वाचवतील.

प्रश्न : आमच्या घराला ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस आली आहे. आता पाडण्याशिवाय मार्ग नाही का? – एक वाचक, जुनी शुक्रवारी

उत्तर : आधी माणसे. जो भाग हलतो आहे, तो आजच रिकामा करावा आणि तेथे टेकू द्यावेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खालील नोटीस म्हणजे पाडण्याचाच हुकूम असे नव्हे. आधार देणे किंवा दुरुस्ती करणे हेही त्या कलमात येते. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि लाकूड व चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. काँक्रीटची ताकद मोजणारा हातोडा सागवानी खांबाविषयी काहीच सांगत नाही. खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, जेथे टेकतो, तेथे अणकुचीदार सळई टोचून पाहावी लागते. सळई बोटभर सहज आत गेली, तर तेवढा तळ कुजलेला आहे. पण वरचा आठ फूट खांब ठणठणीत असू शकतो. कुजका भाग कापून त्याजागी सागाचा नवा तुकडा सांध्याने बसवणे हे कुशल सुताराचे काम असून ते होण्यासारखे आहे.

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या भिंतींना काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला. तेव्हापासून खालच्या तीन-चार फुटांत ओल येते, पोपडे सुटतात, पांढरे फूल धरते. पुन्हा चांगल्या प्रतीच्या सिमेंटने गिलावा करावा का? – एक भगिनी, इतवारी

उत्तर : कृपया करू नये. आपल्या भिंती विटा, माती आणि चुना यांच्या आहेत. जमिनीतून वर चढणारी ओल अशा भिंतीच्या सांध्यांतून आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू हवेत निघून जाते. सिमेंटचा थर ती वाट बुजवतो. मग पाणी भिंतीतच कोंडते, अधिक उंच चढते, सोबतचे क्षार जेथे सुकतात तेथे लोणा धरतो आणि विटांचा भुगा होऊ लागतो. वरून भिंत कितीही कडक दिसली, तरी आतून ती पोकळ होत जाते.

कारण बहुधा भिंतीच्या बाहेर सापडेल. इतवारीच्या गल्ल्यांत एकावर एक रस्ते होत गेले आणि आता सिमेंट रस्त्यांमुळे अनेक ठिकाणी रस्त्याची पातळी घराच्या जोत्याच्याही वर गेली आहे. पावसाचे पाणी साहजिकच घराकडे वळते. अंगणात फरशी बसवली असेल, तर तिचा उतार कोणत्या दिशेला आहे तेही पाहावे. पन्हाळ फुटली आहे का, नळाची जोडणी गळते का, हे तपासल्याशिवाय गिलाव्यावर एक रुपयाही खर्च करू नये. भिंतीत पिंपळाचे रोप असेल, तर ते नुसते छाटून उपयोग नाही. तेथील विटा सोडवून मूळ काढावे लागते, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात ते दुप्पट जोमाने फुटते.

कामाचा क्रम ऋतूप्रमाणे ठेवावा, कारण नागपूरचा उन्हाळा येथे आपल्या मदतीला येतो. मार्चमध्ये सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोडीने, यंत्र न लावता, हलक्या हाताने उतरवावा. एप्रिल-मेच्या उन्हात भिंत उघडी राहू द्यावी; तेवढी कोरडी हवा अन्य कोणत्या महिन्यात मिळत नाही. मृगाच्या आधी कवेलू फेरून घ्यावेत. चुन्याचा गिलावा मात्र भर उन्हाळ्यात करू नये, तो झटकन वाळतो आणि त्याला भेगा पडतात. दिवाळीनंतरचे दिवस त्यासाठी उत्तम. चुना पुरेसे दिवस भिजवलेला असावा. त्यात वाळू आणि विटांची सुरखी मिसळून पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर धरू द्यावा आणि ओल्या तरटाने झाकून ठेवावा. शेवटी प्लॅस्टिक रंगाऐवजी चुन्याची सफेदीच द्यावी. गवंडी ‘चुन्यात थोडे सिमेंट घालू, लवकर बसेल’ असे म्हणेल. त्याला ठामपणे नाही म्हणावे.

प्रश्न : मी सीताबर्डीत राहतो, माझ्या मालकीची जुनी वास्तू नाही. डोळ्यांदेखत जुन्या इमारती जात असताना सामान्य माणसाने काय करावे? – एक विद्यार्थी

उत्तर : आधी कोणत्या इमारती टिकल्या ते पाहावे. 1863 साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय आजही ‘अजब बंगला’ म्हणूनच ओळखले जाते. रेल्वे स्थानकाची 1925 ची दगडी इमारत आजही प्रवाशांच्या वर्दळीत आहे. उच्च न्यायालयाच्या 1940 च्या इमारतीत आजही खटले चालतात. याउलट जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केलेली एम्प्रेस मिल बंद पडली आणि शहराच्या ऐन मध्यभागातील त्या जागेवर मॉल उभा राहिला. ज्या गिरणीने या शहराला कामगार वस्त्या दिल्या, तिची आठवण आता मॉलच्या नावापुरती उरावी, याचे मला अतिशय वाईट वाटते. जेथे रोजचा वापर असतो, तेथे गळती लगेच लक्षात येते आणि दुरुस्तीला पैसेही निघतात. म्हणून एखाद्या जुन्या इमारतीत दुकान, दवाखाना, अभ्यासिका चालू असेल, तर तेथे जाणे, तिचा वापर करणे हीदेखील मदतच आहे.

दुसरे काम नोंदीचे. महालातील जुम्मा दरवाजा, म्हणजे आजचा गांधी गेट, सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतील सागवानी सज्जे, महिरपी आणि दिंडी दरवाजे यांची मात्र कोठे धड नोंद नसते. मालकाची परवानगी घेऊन छायाचित्रे काढावीत, खांबांची व चौकाची मापे घ्यावीत, घरातील वडीलधाऱ्यांकडून बांधकामाचा काळ विचारून दिनांकासह लिहून ठेवावा. वास्तुकला शिकणारे मित्र सोबत असल्यास मोजमापाचा नकाशाही तयार होतो. एखादी वास्तू यादीत यावी असे वाटत असेल, तर ही कागदपत्रे जोडून महापालिकेला आणि वारसा संवर्धन समितीला लेखी निवेदन द्यावे व त्याची पोच घ्यावी. यादीतील बदलाची किंवा विकास आराखड्यातील फेरफाराची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत येते, तेव्हा हरकतीची मुदत मोजकीच असते. ती सूचना कापून ठेवावी, मुदतीच्या आत हरकत दाखल करावी आणि सुनावणीला स्वतः हजर राहावे. मोजमापाचा नकाशा हातात असलेल्या नागरिकाचे म्हणणे तेथे टाळणे अवघड जाते.