अपग्रेड अर्ध्यात लाईट गेली, शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढीचा टॅली डेटा कसा काढायचा?

विंडोज १० वरून ११ वर जाताना लाईट गेली आणि आता निळ्या रिपेअर स्क्रीनपुढं मशीन जात नाही, एवढ्यानं डेटा गेला असं धरू नका. बहुतेक वेळा तो जागेवरच असतो. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला 'फॉरमॅट मारू' म्हणाला तर आधी थांबवा.

दुसऱ्या मशीनवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) बनवा, बिघडलेलं मशीन त्यावरून चालू करा, पण इन्स्टॉल करू नका. डिस्क उघडताना ४८ अंकी बिटलॉकर की (विंडोजनं डिस्कला लावलेल्या कुलपाची किल्ली) मागितली तर ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

टॅलीप्राइमचा डेटा सहसा सी ड्राइव्हवर यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या वाटेवर असतो. आत नुसत्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर दिसतील; एकेक कंपनी एकेका फोल्डरात. सुट्या फायली उचलू नका, अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. तिथं नसेल तर 'विंडोज डॉट ओल्ड' (जुन्या विंडोजचं फोल्डर) यातलं यूजर्स बघा. विंडोज चालू झालं तर १० दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं.

फॉरमॅट आधीच झालंय? हार्डडिस्क असेल तर फोटोरेक (पुसलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर) चालवून बघा, सापडलेल्या फायली दुसऱ्या डिस्कवर घ्या. एसएसडीत ट्रिम नावाची सोय रिकामे ब्लॉक पुसून टाकते, तिथं आशा कमीच.