स्वॉटचे रकाने भरले, पुढे काय?

प्रश्न : आमच्या संस्थेने स्वॉट विश्लेषण केले. बलस्थाने, उणिवा, संधी, धोके असे चारही रकाने भरले. पण कामकाजात फरक पडला नाही. आता पेस्टेलही (राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, पर्यावरणीय आणि कायदेशीर अशा बाहेरच्या घटकांची पाहणी) करावे का?

उत्तर : आधी हाच तक्ता तपासा. संधी आणि धोके संस्थेबाहेरचे असतात. 'संस्था उद्या बंद पडली तरी ही गोष्ट उरेल का?' असे प्रत्येक नोंदीला विचारा. 'नवे सॉफ्टवेअर घेणे' ही संधी नव्हे, ती कृती आहे, खोडून टाका. पुराव्याशिवायची नोंदही ठेवू नका. 'कर्मचारी निष्ठावान' म्हणायचे, तर किती जण किती वर्षे टिकले तो आकडा हवा. रकान्यात पाचांहून जास्त नोंदी नकोत. छाटणीनंतर बाहेरचे रकाने अगदीच रिकामे पडले, तरच पेस्टेल करा.

खरे काम यापुढचे, आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी राहून जाते. व्यवस्थापनाचे अभ्यासक हाइन्झ वाइरिख यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या टोज तक्त्यात हेच रकाने एकमेकांशी जोडतात : कोणत्या बळावर कोणती संधी साधायची, कोणत्या उणिवेमुळे कोणता धोका वाढतो. त्यातून दोन-तीनच बदल निवडा.

मग प्रत्येक बदलासाठी मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांचे बलक्षेत्र विश्लेषण करा. कागदाच्या एका बाजूला बदल पुढे रेटणारी कारणे, दुसऱ्या बाजूला अडवणारी. प्रत्येक कारणाला त्याच्या जोरानुसार १ ते ५ गुण. इथे व्यवस्थापन हमखास चुकते : परिपत्रके काढून, मुदती आवळून रेटा वाढवते. त्याने ताण वाढतो, विरोध तसाच राहतो. सर्वाधिक गुणांचा अडसर आधी हलवा. लोकांना नवी पद्धत येत नसेल, तर आदेशाआधी प्रशिक्षण द्या.

प्रश्न : हे गुण कोणी द्यायचे?

उत्तर : ज्यांचे रोजचे काम बदलणार आहे, त्यांनीही. चर्चेआधी प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहून द्यावेत. साहेब आधी बोलले की बाकीचे त्यांच्यामागे जातात. दोन किंवा अधिक गुणांची तफावत दिसेल तिथे थांबून कारण विचारा. सरासरी काढून मोकळे होऊ नका, कारण लपलेली अडचण बहुधा त्या तफावतीतच सापडते.