हल्लीचे सगळे व्हिडिओ गेम एकसारखेच का वाटतात? गेम डिझाइनमधल्या नवीन कल्पना संपल्यात का?

कल्पना संपलेल्या नाहीत, पण तुम्हाला जे वाटतंय ते पण खोटं नाही. तुम्ही लिहिलंय की वर्षभरात चार मोठे गेम घेतले आणि चारही उघडल्यावर तोच भलामोठा नकाशा, तेच टॉवर, तोच झाडपाला गोळा करून औषध बनवायचा उद्योग, आणि तासाभरात जांभया. माझं पण असंच होतंय. आधीच सांगतो, मी गेमच्या धंद्यातला नाही. कोल्हापुरात उद्यमनगरला आमचं पॅटर्नचं दुकान आहे, म्हणजे बिडाचं (ओतीव लोखंडाचं) कास्टिंग ओतायच्या आधी वाळूत जो लाकडी नमुना दाबून साचा काढतात तो आम्ही बनवतो. पण गेम सातवीपासून खेळतोय, आणि कॉपी हा विषय माझ्या रोजच्या पोटापाण्याचा आहे, म्हणून लिहायला बसलो.

पहिलं म्हणजे ही तक्रार लई जुनी आहे. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम मिळायचा, तो मुळात जपानी मशीनची नक्कल आणि त्याच्या कॅसेटी पण नक्कलच. राजारामपुरीतनं दिवसाच्या भाड्यानं कॅसेट आणायची, फुंकर मारून बसवायची. एका मे महिन्यात '९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट आणली, आणि मी आणि मावसभाऊ वही घेऊन बसलो, एकेक नंबर लावून बघायचा आणि नाव लिहायचं. तीसेक गेम झाले आणि मग परत कॉन्ट्रा. मग परत कॉन्ट्रा, पण तीस लाइफ. मग कॉन्ट्रा, डायरेक्ट तिसऱ्या स्टेजपासून. मग भलत्याच नावाचा एक गेम, लावला तर कॉन्ट्राच. संध्याकाळपर्यंत वही बंद केली आणि भाड्याचे पैसे वसूल व्हावेत म्हणून टँकचा गेम खेळत बसलो.

व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये पण तेच. 'मुस्तफा' आठवतोय का? खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा. पण आख्ख्या भारतात त्याला मुस्तफाच म्हणायचे, कारण सगळ्यांना तो धावत येऊन लाथ घालणारा टोपीवालाच पाहिजे असायचा. आता हा गेम म्हणजे काय होता? त्याच कंपनीचा १९८९ चा फायनल फाइट, त्याच्यात डायनोसॉर सोडलेले. डावीकडनं उजवीकडं चालत जायचं, गुंडांना बडवायचं, ड्रम फोडून आतली कोंबडी खायची. आम्ही कधी तक्रार केली नाही, रुपये संपेपर्यंत खेळलो. तिकडं परदेशात डूम आला तो पण १९९३ लाच, आणि नंतर कितीतरी वर्षं बंदुकीच्या प्रत्येक गेमला लोक सरळ 'डूम क्लोन' म्हणायचे. पुढं त्याच कळपाला 'फर्स्ट पर्सन शूटर' असं भारदस्त नाव मिळालं आणि कॉपी म्हणायचं बंद झालं.

मग मुस्तफाचा राग येत नाही आणि आत्ताच्या गेमचा का येतो? वय झालं हे एक कारण आहेच, नाकारत नाही. दुसरं कारण मला दुकानात सापडलं.

मी नवीन नवीन कामाला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. कागलकडनं एक गुऱ्हाळवाले आले, घाण्याचा बिडाचा ब्रॅकेट तुटलेला, हंगाम सुरू, 'सेम काढून द्या, उद्या पाहिजे'. आबा गावाला गेलेले. मी म्हटलं पॅटर्न कशाला बनवायचा, तुटलेले दोन तुकडे जोडले आणि तोच पीस फाउंड्रीत वाळूत दाबायला दिला. कास्टिंग दिसायला झकास आलं, आणि बसवायला गेले तर बोल्टच लागेनात. बीड ओतल्यावर गार होताना आकसतं, साधारण शंभराला एक. म्हणजे ३०० मिलिमीटरचा पीस तसाच वाळूत दाबला तर येणारा नवीन पीस २९७ चा. म्हणून पॅटर्न करणाऱ्याची मोजपट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा दहा मिलीनं मोठा असतो. आबा आले, पीस हातात धरला आणि एवढंच म्हणाले, "आता ह्याच्यावरनं आणखी एक काढ, म्हणजे खिशात मावंल."

गेममध्ये हेच झालंय असं माझं मत. मूळ बनवणाऱ्यानं ते माप का घेतलं हे न बघता तयार पीसवरनं पीस काढलाय, मग त्या पीसवरनं आणखी एक, आणि दर वेळी थोडं थोडं आकसत गेलंय.

तुमचा तो टॉवरच घ्या. २००७ ला अॅसॅसिन्स क्रीड आला त्याच्यात दमास्कस, जेरुसलेमच्या उंच मनोऱ्यावर चढायचं, टोकाला बसलं की कॅमेरा सगळ्या शहराभोवती फिरायचा, आणि मग खाली गवताच्या गाडीत उडी. चढणं हाच तिथं गेम होता, कुठल्या विटेला हात घालायचा हे बघत बघत वर जायचं, आणि वरनं दिसणारं शहर हे त्याचं बक्षीस. नकाशा उघडणं हा वरचा चिल्लर फायदा. नंतर बाकीच्यांनी तो चिल्लर फायदा तेवढा उचलला. फार क्राय ३ मध्ये, २०१२ ला, रेडिओ टॉवर आले, चढा आणि नकाशावर चिन्हं उधळली जातात, मग ती एकेक करून पुसत बसा, तलाठ्याच्या हाताखाली लागल्यासारखं. पुढं पुढं इतकं झालं की फार क्राय ५ मध्ये सुरुवातीचाच एक म्हातारा सांगतो, घाबरू नको, तुला गावभर टॉवर चढायला लावत नाही. म्हणजे कंपनीलाच कळलेलं की लोक वैतागलेत.

आता गंमत बघा, झेल्डाच्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये पण टॉवरच आहेत, २०१७ चा गेम. पण तिथं वर चढल्यावर डोंगर-नदीचा कोरा नकाशा मिळतो, चिन्हं मिळत नाहीत. काय कुठं आहे ते तुम्ही दुर्बिणीतनं बघायचं आणि खूण तुम्हीच टाकायची. मी पहिल्या टॉवरवर अर्धा तास नुसता बघत बसलो होतो. कॉपीच केली त्यांनी पण, फक्त टॉवर मुळात कशाला होता (वर जाऊन बघायला) हे कुणीतरी बसून विचारलेलं दिसतं.

उलटं उदाहरण फोनवरचं. माझी भाची तेरा वर्षांची आहे, कुठलाही नवीन गेम दाखवला की दोन मिनिटांत "मामा, ह्यो मी खेळलोय की" (हो, आमच्याकडं पोरी असंच बोलतात). तिच्याकडं २०४८ होता, आकडे सरकवायचा तो. मी तिला थ्रीज दाखवला तर म्हणते ही कॉपी आहे. उलट आहे गं बाई! थ्रीज फेब्रुवारी २०१४ मध्ये आला, बनवायला चौदा महिने गेलेले. काही आठवड्यांत त्याच्यासारखा १०२४ आला, आणि मार्चमध्ये इटलीतल्या एकोणीस वर्षांच्या पोरानं शनिवार-रविवारात २०४८ बनवून फुकट टाकला, मग त्याच्या शेकड्यानं नकला. पोराचा दोष नाही, त्यानं कोड पण उघडा ठेवला. पण फरक बघा. थ्रीजमध्ये बोट फिरवलं की आकडा एकच घर सरकतो, म्हणून प्रत्येक घराचा विचार करावा लागतो. २०४८ मध्ये तो थेट भिंतीला जाऊन चिकटतो, त्यामुळं मोठा आकडा कोपऱ्यात ठेवून खाली-डावी-खाली-डावी करत टीव्ही बघत बघत लांबपर्यंत जाता येतं. ते एक घर सरकणं म्हणजेच थ्रीजवाल्यांची ती दहा मिलीची जादा पट्टी, आणि नक्कल करताना नेमकी तीच गेली. भाची म्हणते २०४८ च सोपा आहे म्हणून बरा आहे, आणि जगानं पण तिच्याच बाजूनं मत दिलं, ते जाऊ दे.

कायद्यानं हे थांबत नाही कारण गेमच्या नियमाला कॉपीराइट नसतो. चित्र, संगीत, कोड, एकूण दिसणं याला असतो. २०१२ ला अमेरिकेत टेट्रिसवाले एका नक्कल करणाऱ्याविरुद्ध जिंकले ते पण ठोकळे आणि एकूण रूप जसंच्या तसं उचललं म्हणून, ठोकळे पडतात या कल्पनेवर नाही. आणि मला हे बरोबरच वाटतं, नाहीतर डूमनंतर बंदुकीचा दुसरा गेमच झाला नसता. कॉपीचा राग कसा असतो हे कोल्हापूरवाल्याला सांगायला नको, २०२५ ला मिलानच्या फॅशन शोमध्ये आमची चप्पल नाव न घेता चालवली तेव्हा इथं काय बोलत होते ते टाइप करत नाही.

आता मोठ्या कंपन्या असं का करतात? सोपं आहे, पैसा. स्पायडरमॅन २ चा खर्च फुटलेल्या कागदपत्रांनुसार ३० कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे आपले अडीच हजार कोटी, एका गेमला. आमच्याकडं लाकडाचा पॅटर्न असला की गिऱ्हाईक बिनधास्त म्हणतं हिकडं जरा वाढवा, तिकडं छाटा, बघू कसं होतंय. तोच मेटलचा केला, लाखभर घातले, की मग कुणी हात लावू देत नाही, चाललंय ते चालू द्या. अडीच हजार कोटीच्या पॅटर्नला कोण पटाशी लावणार सांगा.

म्हणून नवीन काय ते लाकडात काम करणाऱ्यांकडं शोधायचं. पेपर्स, प्लीज, २०१३ चा, एका माणसानं बनवलेला, तुम्ही चेकनाक्यावरचे कारकून आणि दिवसभर पासपोर्ट तपासायचे. ऐकायला काय भिकार कल्पना, पण नवरा-बायकोतल्या एकाचा कागद अपुरा असला आणि घरी पोराला औषधाला पैसे नसले की शिक्का हातात धरून बसता. बलाट्रो, २०२४, तो पण एकट्या कॅनडाच्या माणसाचा. पत्त्यांचा पोकर, पण सोबत दीडशे जोकर, आणि प्रत्येक जोकर एक नियम वाकवतो. पोकर कुणाचा? जुनाच. दर डावाला पत्ते सुधारत न्यायची पद्धत पण दुसऱ्यांची. पण तो माणूस बनवताना त्या जातीचे बाकीचे गेम मुद्दाम खेळायचं टाळत होता, म्हणजे पीसवरनं पीस काढायचा नाही, आपली मापं आपण घ्यायची. गौरी-गणपतीच्या जागरणाला मी फोनवर हा खेळत होतो आणि शेजारी खरे पत्ते चालू होते, तीन पत्तीवाल्यांनी मला अर्ध्या तासात वाळीत टाकलं. अडचण एवढीच की २०२४ ला एकट्या स्टीमवर (कॉम्प्युटरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) अठरा हजारांच्या वर गेम आले, त्याच्यात असला एखादा शोधणार कोण, जाहिरात तर टॉवरवाल्यांचीच दिसणार.

एक गोष्ट मात्र पटत नाही, तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी लिहिलंय की आपल्या मातीतला गेम आला की हा प्रश्न सुटेल. पुण्याच्या पोरांनी २०२० ला राजी बनवला, बघायला फार देखणा आहे, अभिमान आहेच. पण नुसतं फार क्रायमध्ये बेटाच्या जागी पन्हाळा घातला आणि रेडिओ टॉवरच्या जागी बुरूज, तर ते त्या पिवळ्या कॅसेटसारखंच झालं, भलत्या नावाचा कॉन्ट्रा.

मातीतलंच पाहिजे तर कुस्तीचा करा की. आत्तापर्यंत जेवढे कुस्तीचे गेम बघितले त्यात बटणं बडवायची आणि उचलून आपटायचं. आमच्या खासबागला कुस्तीचं मैदान बघितलंय का कधी? निम्मा वेळ तर नुसती खडाखडी चालते, हातात हात, मानेवर हात, दोघं एकमेकाचं वजन जोखत गोल फिरतात, बघणाऱ्याला वाटतं काहीच होत नाही, आणि समोरच्याचा भार एका पायावर गेला त्या क्षणी ढाक नाहीतर एकेरी पट असा डाव पडतो, खेळ खलास. कंट्रोलर हातात थरथरतोच, दोन्ही ट्रिगर कमी-जास्त दाबता येतात, त्यातनं समोरच्याचा भार कळायला काय हरकत आहे? स्क्रीनवर पॉवरची पट्टी नको, आकडे नकोत, बोटाला कळलं पाहिजे. दहा मिनिटं काहीच न होणारा गेम कोण विकत घेणार म्हणाल, मी घेईन.

कुणी करत असेल तर कळवा, टेस्टिंगला फुकट येतो. भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "मी पण येतो, पण मामा तू हरणार."