‘चला, मैदानाला पाच चकरा’ हे आधी सोडा

क्रीडा विभागात नवीन आहात म्हणून सांगतो, हा हुकूम सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या पोराला लावू नका. गडचिरोली-गोंदियाकडं असे विद्यार्थी भेटतातच. त्यांच्या मूत्रपिंडाला पाणी नीट राखता येत नाही, अंगातलं पाणी लवकर उतरतं. त्यात ऊन आणि दमछाक आली की लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं ठणकतात. मग पोरगं मैदानाकडं फिरकतच नाही, आणि आपण त्याला आळशी म्हणतो!

डॉक्टरांना विचारून सुरुवात करा: आठवड्यातून ३ दिवस, १० मिनिटं. दोन मिनिटं चालणं, एक मिनिट थांबणं, दोन घोट पाणी. चालताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवं; शब्द तुटले की वेग कमी. आठवड्याला दोनच मिनिटं वाढवा. मार्चपासून सकाळी ८ च्या आत उरका. छातीत दुखलं किंवा बसूनही धाप ओसरली नाही, तर थेट दवाखाना.

मधुमेहासाठी इन्सुलिन घेणारी मुलगी पहाटेच्या एसटीनं उपाशीच आलेली असते. रक्तातली साखर ९० (mg/dL) च्या खाली असेल तर आधी खाऊ द्या. दम्याचा पंप खिशात हवा, वर्गातल्या बॅगेत नको.

‘फिटनेस’चं भाषण कुणी ऐकत नाही. ‘स्टँडपासून कॉलेजपर्यंत न थांबता यायचं का?’ असं विचारा, तेही एकट्याला गाठून. चारचौघांत आजाराचं नाव निघालं की दुसऱ्या दिवशी तो गैरहजर. सोबतीला त्याच्याच गावचा मित्र द्या.