राखीव बाकावरची मुलगी

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची असून दीड वर्षापासून सांगलीतील एका क्लबमध्ये बास्केटबॉल खेळते. तिने आजारपण वगळता एकही सराव चुकवलेला नाही. असे असूनही गेल्या पाच सामन्यांत ती मैदानात उतरली ती फक्त शेवटच्या दोन-तीन मिनिटांसाठी. याउलट क्लबच्या अध्यक्षांची मुलगी आणि ज्यांनी संघाला गणवेश दिले त्या गृहस्थांची मुलगी, या दोघी जवळजवळ पूर्ण वेळ खेळतात. माझ्या यजमानांचे म्हणणे असे, की आपणही दहा हजार रुपयांची देणगी द्यावी, म्हणजे प्रश्न मिटेल. तीन-चार आयांनी सरांविरुद्ध समितीकडे पत्र द्यायचे ठरवले असून त्यावर माझी सही मागितली आहे. परवा मुलगी म्हणाली, “आई, तू सामन्याला येत जाऊ नकोस.” मी काय करावे?
— एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : देणगीचा निर्णय तुम्हाला लगेच घ्यायचा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. ती आता देऊ नका. क्लबला पैसे देण्यात गैर काहीच नाही. लहान गावांतले क्लब केवळ फीवर चालत नाहीत. चेंडू, जाळ्या, प्रवासखर्च आणि सरांचे मानधन यांसाठी कुणाच्या तरी खिशाकडे पाहावे लागतेच, आणि वशिल्याचे मूळही बहुधा तिथेच असते. सर मनाने पक्षपाती असतीलच असे नाही. परंतु ज्याने गणवेश दिले त्याच्याच मुलीला सलग तीन सामने बसवून ठेवण्याचे धाडस तुटपुंज्या मानधनावर शिकवणाऱ्या माणसाला सहजासहजी होत नाही. तुमचे दहा हजार त्या दडपणात भरच घालतील. शिवाय उद्या कुणी पंधरा हजार दिले, तर तुमची मुलगी पुन्हा बाकावर येईल, आणि या वेळी आपण तिथे का बसलो आहोत हे तिला नेमके ठाऊक असेल. द्यायचेच असतील, तर हंगाम संपल्यावर संस्थेच्या नावाने द्या आणि पावती घ्या.

आता अन्याय खरोखर होतो आहे का, हे पाहू. बास्केटबॉलचा सामना दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा असतो आणि एका संघाच्या पाच मुली एका वेळी मैदानात असतात. म्हणजे वाटण्यासाठी एकूण २०० मिनिटे मिळतात. यादीत बारा मुली असतील, तर समान वाटा प्रत्येकी १६ मिनिटे ४० सेकंदांचा होतो. क्रिकेटमध्ये बदली खेळाडूला सहसा फलंदाजी किंवा गोलंदाजी करता येत नाही, त्यामुळे बाराव्या खेळाडूला बसवून ठेवण्याचा दोष काही अंशी नियमांकडे जातो. बास्केटबॉलमध्ये मात्र खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, म्हणून इथे एखादी मुलगी बाकावर राहते तेव्हा तो प्रशिक्षकाने प्रत्येक क्वार्टरमध्ये नव्याने घेतलेला निर्णय असतो. पत्र लिहू पाहणाऱ्या आयांपैकी एखादीने पुढील तीन सामन्यांत केवळ त्या दोघींची नव्हे, तर बाराही मुलींची मिनिटे वहीत टिपावीत. चुरशीच्या सामन्यात दोन मुली अधिक खेळल्या, यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. संघ वीस गुणांनी पुढे असतानाही बाक हललाच नाही, तर मात्र विचारण्यासारखे नक्कीच आहे.

अध्यक्षांची मुलगी खरोखर चांगली खेळत असण्याची शक्यताही मनाशी ठेवा. (आईवडिलांच्या डोळ्यांना आपल्या लेकराचा हुकलेला पासदेखील देखणा दिसतो, यातून मीही सुटलेलो नाही.) आपल्या सांगलीच्याच स्मृती मानधना हिचे वडील जिल्ह्याकडून क्रिकेट खेळलेले आणि भाऊ महाराष्ट्राच्या कनिष्ठ संघातला, भावाचे पाहून खेळू लागलेली ही मुलगी नवव्या वर्षी राज्याच्या पंधरा वर्षांखालील संघात पोहोचली. घरचे पाठबळ आणि वशिला या दोन गोष्टी लांबून सारख्या दिसत असल्या, तरी त्या एक नव्हेत.

सरांना भेटा, पण सामना संपल्यावर मैदानाच्या कडेला नको. आधी वेळ मागून आणि दुसऱ्या कोणत्याही मुलीचे नाव न घेता. ‘हिला जास्त खेळवा’ या मागणीला सर नाही म्हणू शकतात किंवा खोटे हो म्हणू शकतात. ‘पहिल्या आठांत येण्यासाठी हिने कोणत्या दोन गोष्टी सुधाराव्यात आणि ते तुम्ही कधी तपासाल?’ या प्रश्नाला मात्र उत्तरच द्यावे लागते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांना १९५२ च्या ऑलिंपिकसाठी निवड होताना आपल्यावर अन्याय झाला असे वाटले, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. त्यातून प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा कुस्ती लागली, ती त्यांनी जिंकली आणि हेलसिंकीहून कांस्यपदक आणले. सांघिक खेळात असा एकास एक निकाल लागत नाही, हे खरे. तरीही सरावात मुलींचे संघ चिठ्ठ्या टाकून पाडावेत आणि असे चार-पाच सामने खेळवून सर्वांना सारखे पाहावे, एवढी मागणी रास्त आहे.

पत्रावर आहे त्या स्वरूपात सही करू नका. एका माणसाविरुद्धचे पत्र समितीत वैयक्तिक भांडण ठरते, आणि त्या समितीचे अध्यक्ष कोण हे तुम्हीच लिहिले आहे. नियम मागणारे पत्र असेल, तर जरूर सही करा. मैत्रीपूर्ण सामन्यांत प्रत्येक मुलीला किमान एक पूर्ण क्वार्टर मिळावा आणि हे हंगामाच्या आरंभी फलकावर लिहिले जावे, असे त्यात म्हणता येईल. ही कल्पना काही अद्भुत नाही. अमेरिकेतील मुलांच्या ‘लिटल लीग’ बेसबॉलमध्ये प्रत्येक मुलाला किमान एकदा फलंदाजी आणि ठरावीक क्षेत्ररक्षण मिळालेच पाहिजे, असा नियम आहे. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धांत मात्र सर्वोत्तम पाच जणी उतरवाव्यात, हे मला मान्य आहे. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण यांच्याकडे जाणारी वाट अशाच स्पर्धांतून सुरू होते. पालक इतके इरेला का पेटतात, याचे एक कारणही तेच आहे.

राहिले मुलीचे वाक्य. बाकावर बसणे ती बहुधा सोसते आहे. तिला जड जात असावे ते तुम्ही तिच्याकडे पाहत असताना तिथे बसणे. म्हणूनच मिनिटांची वही तुमच्या किंवा यजमानांच्या हाती नको, असे मी सुचवले. पुढचे दोन सामने जाऊ नका, आणि ती घरी आल्यावर किती वेळ खेळलीस हे विचारू नका. ती आपणहून सांगू लागली, तर सरांना भेटण्याआधी एवढे मात्र तिला विचारा, की मी सरांशी बोललेले तुला चालेल का. ती नको म्हणाली, तर ती भेट तिने हो म्हणेपर्यंत थांबू द्या.